तिकीट हरवलंय आणि साइटवर सापडत नाही: टेक्सासच्या आडबाजूच्या काउंटीतलं ट्रॅफिक तिकीट कसं शोधायचं, कसं मिटवायचं

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी कोणी वाचत असेल त्यालाही संदर्भ लागेल. ऑस्टिनहून बिग बेंड नॅशनल पार्कला निघालास, आय-टेन हायवेवर ताशी ८० मैलांच्या झोनमध्ये ९३ ला ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या हायवे पोलिसाने, पकडलं, सही घेतली, लांब पट्टीसारखा कागद हातात दिला, तो भाड्याच्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात राहिला आणि गाडी परत करून टाकली. तीन आठवडे झाले. सोनोराच्या अलीकडे की ओझोनाच्या पलीकडे तेही नक्की आठवत नाही, एका काउंटीच्या साइटवर नाव टाकलं तर रेकॉर्ड नाही म्हणते, आणि मार्चमध्ये भारतात जाऊन व्हिसा स्टॅम्पिंग करायचंय. मित्र म्हणतायत सापडत नाही म्हणजे सुटलास.

सुटला नाहीस रे बाबा. टेक्सासात अशा गुन्ह्याची तक्रार कोर्टात दाखल करायला दोन वर्षं मुदत असते, त्यामुळे तीन आठवड्यांत साइटवर दिसलं नाही याचा अर्थ फक्त एवढाच की साइटवर दिसलं नाही. मी वकील नाही हे आधीच सांगते, वेस्ट टेक्सासमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात चौदा वर्षं पॅरालीगल म्हणून काम करते आणि माझा अर्धा दिवस हरवलेली तिकिटं शोधण्यातच जातो, त्यातली निम्मी आपल्या पोरांची. सगळ्यांची चूक एकच, दंड किती आहे याची काळजी करत बसतात आणि तारीख निघून जाते. दंड दोनशे-तीनशे डॉलरचा विषय आहे, तो कधीही भरता येतो. पण तिकीट रेकॉर्डवर न येऊ देता मिटवायचे जे दोन चांगले रस्ते आहेत ना, त्यातला एक तर तिकिटावरच्या तारखेनंतर हक्काचा राहत नाही. त्यामुळे तुझं पहिलं काम तारीख शोधणं, आणि तारीख कोर्टाकडे आहे म्हणून त्याआधी कोर्ट शोधणं.

आपल्याकडे कसं, महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर टाकला की पुण्यातलं, नाशिकातलं, एक्सप्रेस-वेवरचं सगळं ई-चलान एका जागी दिसतं. इथे तसं काहीच नाही. तिकीट गाडीच्या नाही, माणसाच्या नावावर असतं आणि ते एकाच कोर्टातल्या एकाच क्लार्कच्या टेबलावर असतं. टेक्सासात २५४ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, प्रत्येक काउंटीत एक ते आठ प्रीसिंक्ट, म्हणजे तिचे पोटविभाग, प्रत्येकाला आपला जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे छोट्या केसेस बघणारा स्थानिक जज, थोडक्यात जेपी. सातबारा काढायचा तर गाव कुठल्या सज्जात येतं आणि तिथला तलाठी कोण हे आधी माहीत लागायचं, अगदी तसंच समज. डीपीएसकडे, म्हणजे राज्याच्या पोलिस आणि लायसन खात्याकडे, फोन करून काही उपयोग होत नाही, त्यांच्याकडे लायसनच्या रेकॉर्डवर जे लागतं ते कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, निकाल न लागलेलं तिकीट त्यांच्या रेकॉर्डवर दिसत नाही. आणि डीएमव्हीचा तर संबंधच नाही, टेक्सासात डीएमव्ही गाडीचं रजिस्ट्रेशन बघतं. म्हणून 'डीएमव्ही: तुमचं तिकीट थकलंय, आज रात्री बारापर्यंत भरा' असा मेसेज मोबाईलवर आला तर सरळ डिलीट कर, आमच्याकडे गेल्या वर्षी दोन जणांनी त्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकला होता.

आता शोधायचं कसं. पहिला प्रश्न, पकडलं कोणी? शहराच्या पोलिसाने पकडलं असेल तर तिकीट त्या शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. शेरीफचा डेप्युटी, कॉन्स्टेबल किंवा स्टेट ट्रूपर असेल तर जवळजवळ नेहमी जेपी कोर्टात. तू म्हणतोस काळी-पांढरी गाडी, खाकीसारखा ड्रेस, काउबॉय हॅट, म्हणजे डीपीएसचा ट्रूपरच. तर म्युनिसिपल कोर्ट बाद.

दुसरा प्रश्न, काउंटी कुठली? तुझ्या रस्त्यावर आय-टेनला जंक्शन, सोनोरा, ओझोना, फोर्ट स्टॉक्टन ही चार गावं लागली आणि ती चारही वेगवेगळ्या काउंटीत आहेत, अनुक्रमे किम्बल, सटन, क्रॉकेट आणि पेकोस. थांबवलं तेव्हाची वेळ काढ. फोनमधली गूगल टाइमलाइन चालू असेल तर ती बघ, नसेल तर पेट्रोल भरल्याचा कार्डाचा मेसेज, बायकोने काढलेला फोटो, आईला केलेला व्हॉट्सॲप कॉल, काहीही. ट्रूपरने वीस मिनिटं थांबवलं असेल तर टाइमलाइनवर गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसते, तिथलं काउंटीचं नाव नकाशात बघितलं की झालं. नावावरून मात्र अंदाज बांधू नकोस, टेक्सासची नावं फार फसवतात. पेकोस नावाचं शहर पेकोस काउंटीत नाहीच, ते रीव्ह्ज काउंटीत आहे, पेकोस काउंटीचं मुख्य गाव फोर्ट स्टॉक्टन. ऑस्टिन काउंटीत ऑस्टिन नाही, ह्यूस्टन काउंटीत ह्यूस्टन नाही. चुकीच्या काउंटीला महिनाभर मेल पाठवत बसलेले लोक मी पाहिलेत, आणि समोरच्या क्लार्कला तरी काय कळणार, तिच्याकडे नाव नाही म्हणून ती नाही म्हणते आणि माणूस निवांत होतो.

तिसरा प्रश्न, प्रीसिंक्ट. कायद्याने गुन्हा ज्या प्रीसिंक्टात घडला तिथल्या जेपीकडे केस जाते. या भागातल्या काउंट्या प्रचंड आहेत, शेजारची ब्रूस्टर काउंटी जिथे बिग बेंड आहे ती आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा मोठी आणि २०२० च्या जनगणनेत माणसं साडेनऊ हजार. लोकसंख्या १८ हजारांच्या खाली असेल तर काउंटीला एकच प्रीसिंक्ट चालतो, पण हवे असतील तर चारपर्यंत ठेवता येतात, त्यामुळे छोटी काउंटी म्हणजे एकच जेपी असं धरून चालू नकोस. काउंटीच्या साइटवर 'जस्टिस ऑफ द पीस' असं पान असतं, नसेल तर राज्याच्या ऑफिस ऑफ कोर्ट ॲडमिनिस्ट्रेशनच्या साइटवर सगळ्या कोर्टांची डिरेक्टरी मिळते, त्यात काउंटी निवडली की जेपींची यादी फोन नंबरांसकट येते. यादीतल्या सगळ्यांना फोन कर. तीन-चार फोन, अर्ध्या तासाचं काम.

फोनच कर, ईमेल नको. गावाकडच्या जेपी कोर्टात बऱ्याचदा एक क्लार्क असते, तीच काउंटरवर, तीच फोनवर, तीच कम्प्युटरवर. जज वकीलच असला पाहिजे असा नियम टेक्सासात जेपीसाठी नाही, आणि जिथे मेडिकल एक्झामिनर नाही तिथे कोणी अचानक मेलं तर पंचनाम्यासारखं इन्क्वेस्टचं काम पण जेपीच करतो, म्हणजे 'जज आज बाहेर आहेत' म्हटलं तर ते टाळणं नसतं, खरंच कुठेतरी वीस मैलांवर रँचवर गेलेले असतात. बारा ते एक फोन उचलत नाहीत, शुक्रवारी दुपारनंतर काही खरं नाही. सकाळी साडेआठ-नऊला कर. येस मॅम, थँक यू मॅम. चढा आवाज लावलास की तुझा कागद ढिगाच्या तळाशी गेला म्हणून समज, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

फोनवर नाव सांगण्याआधी ड्रायव्हर लायसन नंबर आणि जन्मतारीख सांग. इथेच आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. तिकिटावर ट्रूपरने रात्रीच्या अंधारात लायसनवरून टाइप केलेलं असतं आणि आपल्या नावात मधे वडिलांचं नाव, त्यामुळे कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून लागतं, कधी आडनावाचे दोन तुकडे होतात, कधी पहिलं नाव आणि आडनाव उलटं. माझ्याकडे एक कुलकर्णी आला होता, तीन महिने सापडत नव्हता, शेवटी वडिलांच्या नावाखाली सापडला, कोर्टाच्या दृष्टीने तो माणूस 'सुरेश' होता. पासपोर्टवर आडनावच नसलेल्यांचं तर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) हेच पहिलं नाव होऊन बसतं, ते टाकून शोध. भारतीय लायसनवर गाडी चालवत असशील तर जन्मतारखेत दिवस-महिना उलटा जातो, ७ एप्रिलचा ४ जुलै होतो. म्हणून साइटवर रेकॉर्ड नाही आलं तर स्पेलिंग बदलून, उलट करून, फक्त आडनाव टाकून बघ आणि तरी नाही तर क्लार्कला सांग की मॅम लायसन नंबरवर बघाल का. आणखी एक, तिकिटावर जो लांबलचक नंबर असतो तो ट्रूपरचा, कोर्ट स्वतःचा वेगळा कॉज नंबर देतं, पुढे सगळीकडे तोच लागतो, तो लिहून घे.

सापडलं की चार गोष्टी विचार: अपिअरन्स डेट, म्हणजे कोर्टाला उत्तर द्यायची तारीख, कुठली, गुन्हा नेमका काय लिहिलाय आणि वेग किती, एकाच तिकिटावर अजून काही आहे का, आणि पैसे व कागद कसे घेता. तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. वेगाबरोबर इन्शुरन्स दाखवता आला नाही म्हणून दुसरी ओळ लावलेली असते, भाड्याच्या गाडीत तर हमखास, माणूस एकाचे पैसे भरून मोकळा होतो आणि दुसरी केस तशीच उघडी राहते. त्या दिवशी इन्शुरन्स चालू होता याचा कागद दिला तर ती ओळ डिसमिस होते, पण द्यावा लागतो. तारखेला प्रत्यक्ष जावंच लागतं असं नाही, बहुतेक जेपी त्या तारखेपर्यंत टपालाने किंवा ऑनलाइन प्ली, म्हणजे गुन्हा मान्य की अमान्य याचं उत्तर, घेतात.

कुठेच सापडलं नाही तर डीपीएसच्या त्या भागातल्या हायवे पट्रोल ऑफिसला फोन करून विचार की या तारखेला या रस्त्यावरचं तिकीट कुठल्या प्रीसिंक्टला पाठवता. आणि सगळ्यात शक्य वाटणाऱ्या कोर्टाला एक पत्र सर्टिफाइड मेलने टाकून ठेव, नाव, लायसन नंबर, जन्मतारीख, तारीख, रस्ता, सध्याचा पत्ता, आणि मला उत्तर द्यायचंय, केस आली की कळवा. थोडे डॉलर जातात. पुढे कोणी म्हणालं की तू गायब होतास तर हिरवी पावती दाखवता येते.

आता मिटवायचं कसं. साइटवर 'पे नाऊ' बटण दिसेल, हात आखडता घे. पैसे भरणं म्हणजे नोलो कंटेंडरे, म्हणजे गुन्हा लढवत नाही अशी कबुली आणि त्यावर कन्व्हिक्शन, ते डीपीएसच्या रेकॉर्डवर जातं आणि तिथून इन्शुरन्स कंपनीच्या डोळ्यांवर. लोकांना वाटतं दंड भरला, विषय संपला. पुढची दोन-तीन वर्षं प्रीमियममध्ये जे जातं ते दंडापेक्षा जास्त असतं. पॉइंट्सची भीती मात्र जुनी झाली, टेक्सासची ती सरचार्जवाली योजना १ सप्टेंबर २०१९ ला रद्द झाली, तरी अजून लोक एकमेकांना पॉइंट्सच सांगत बसतात. कन्व्हिक्शन मात्र मोजतात, बारा महिन्यांत चार किंवा चोवीस महिन्यांत सात मूव्हिंग व्हायोलेशन झाली की लायसन सस्पेंड होऊ शकतं.

पहिला चांगला रस्ता म्हणजे ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स, आपली पोरं ज्याला डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणतात. सहा तासांचा, ऑनलाइन होतो, कोर्स पूर्ण करून कागद दिले की केस डिसमिस, कन्व्हिक्शन नाही. अटी पूर्ण असतील तर हा तुझा हक्क आहे, जजची मेहरबानी नाही. अटी अशा: टेक्सासचं लायसन पाहिजे किंवा तू लष्करात पाहिजेस, सीडीएलवाला (ट्रक-बसचं व्यावसायिक लायसन असलेला) नको, गेल्या बारा महिन्यांत असाच कोर्स तिकिटासाठी केलेला नसावा, इन्शुरन्स पाहिजे, कामगार हजर असलेल्या कन्स्ट्रक्शन झोनमधलं तिकीट नको, लिमिटच्या २५ किंवा जास्त वर नको, आणि वेग ९५ किंवा जास्त नको. हे शेवटचं तुझ्यासाठी महत्त्वाचं. ८० च्या झोनमध्ये लोकांना वाटतं २५ वर म्हणजे १०५ पर्यंत चालेल, नाही, ९५ लाच दार बंद. तू ९३ म्हणतोस म्हणजे थोडक्यात वाचलास, पण तिकिटावर ९३ च लिहिलंय ना हे क्लार्ककडून खात्री करून घे, माणसाची आठवण स्वतःच्या बाजूने दोन-चार मैल कमी करते.

कोर्सची मागणी अपिअरन्स डेटला किंवा आधी करावी लागते. स्वतः जाऊन, वकिलामार्फत, किंवा सर्टिफाइड मेल रिटर्न रिसीटने, आणि पोस्टाचा शिक्का त्या तारखेचा किंवा आधीचा पाहिजे. सोबत गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट प्ली, लायसनची कॉपी, इन्शुरन्सची कॉपी आणि फी. फी म्हणजे कोर्ट कॉस्ट अधिक दहाएक डॉलर, एकूण साधारण १४४ च्या आसपास येते, नक्की आकडा क्लार्क सांगेल. मग ९० दिवस मिळतात, त्यात कोर्स करायचा, डीपीएसच्या साइटवरून टाइप ३ए ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढायचा आणि सर्टिफिकेट, रेकॉर्ड, ॲफिडेव्हिट असं सगळं कोर्टात पोचवायचं. ३ए च काढ. तिथे पाच-सहा प्रकार दिसतात आणि लोक स्वस्तातला उचलतात, मग ८८ व्या दिवशी मला फोन येतो. आणि कोर्स करून घरी ठेवून दिला तर काही उपयोग नाही, हे लिहायची खरं तर गरज नसावी, पण आहे.

कोर्स आधी करून ठेवू का असं विचारतात बरेच जण. नको. आधी कोर्टाची परवानगी, मग कोर्स.

दुसरा रस्ता डिफर्ड डिस्पोझिशन. हा जजच्या मर्जीवर. प्ली घेतात पण निकाल पुढे ढकलतात, १८० दिवसांपर्यंत, त्या काळात दुसरं तिकीट नाही झालं आणि बाकी अटी पाळल्या तर डिसमिस. खर्च जास्त, जवळपास दंडाएवढा. बारा महिन्यांत कोर्स झालेला असेल, लायसन दुसऱ्या राज्याचं असेल किंवा वेग ९५ किंवा जास्त असेल तर हाच मागायचा. सीडीएलवाल्याला आणि कामगार असलेल्या कन्स्ट्रक्शन झोनला हा पण नाही. तू चोवीस वर्षांचा आहेस, पंचविशीच्या आतल्यांना मूव्हिंग व्हायोलेशनच्या डिफर्डमध्येही कोर्स करावाच लागतो, म्हणजे तुला कोर्स दोन्हीकडून आहेच, मग स्वस्तातला पहिला रस्ता घे. जुने लेख वाचशील तर तिथे कलम ४५.०५११ आणि ४५.०५१ असे आकडे दिसतील, १ जानेवारी २०२५ पासून तो सगळा भाग ४५ए मध्ये नव्याने मांडलाय, घाबरू नकोस, रस्ते तेच आहेत.

तिसरा, नॉट गिल्टी म्हणून लढणं. टेक्सासात ट्रॅफिक तिकिटालासुद्धा ज्युरी मागता येते, जेपी कोर्टात सहा जणांची. मी लढू नकोस म्हणत नाही, रडारमध्ये खरंच चूक असेल, रडारने मोजलेली गाडी तुझी नसेल तर लढावं. पण 'ट्रूपर येतच नाही, केस आपोआप पडते' ही डॅलस-ह्यूस्टनकडची ऐकीव गोष्ट इकडे लागू नाही. इकडचा ट्रूपर त्याच गावात राहतो, कोर्ट त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर. तूच कित्येक तास गाडी चालवून येणार, एकदा प्रीट्रायलला आणि एकदा ट्रायलला. एवढ्यासाठी तिथलाच वकील बघ, मोठ्या शहरातल्या जाहिरातवाल्यापेक्षा काउंटी अटॉर्नीला, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाला, रोज भेटणारा माणूस बरा.

आता समजा तारीख गेलेली निघाली. घाम फुटायचं कारण नाही पण त्याच दिवशी हालचाल कर. तारीख चुकली की जेपी लगेच वॉरंट काढू शकत नाही, आधी फोनने किंवा टपालाने नोटीस देऊन नवी तारीख द्यावी लागते. गोम अशी की नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर जाते आणि तुझ्या लायसनवर अजून आर्लिंग्टनचं जुनं अपार्टमेंट आहे, राहतोस राउंड रॉकला. पत्ता तीस दिवसांत बदलायचा असतो, आज रात्री ऑनलाइन बदलून टाक, आणि जुन्या रूममेटला विचार की कुठल्या काउंटीचं पाकीट आलंय का, बऱ्याच वेळा ते मायक्रोवेव्हवर पिझ्झाच्या कुपनांखाली पडलेलं असतं. वॉरंट निघालेलं असलं तरी पकडण्याआधी स्वतःहून कोर्टापुढे येऊन प्रामाणिकपणे मिटवायला लागलास तर हजर न राहिल्याचं वॉरंट कोर्टाला मागे घ्यावं लागतं, हा कायदाच आहे. वाईट त्यांचं होतं जे भीतीने फोनच करत नाहीत. मग हजर न राहिल्याचा दुसरा गुन्हा लागतो, केस ओम्नीबेसकडे, म्हणजे हजर न राहिलेल्यांची लायसनं अडवणाऱ्या यादीत, जाते आणि लायसन रिन्यू होत नाही, वर प्रत्येक केसमागे दहा डॉलर फी, दंड साठ दिवसांपेक्षा जास्त थकून कलेक्शनकडे गेला तर त्यावर तीस टक्के. ओम्नीबेसच्या साइटवर लायसन नंबर टाकून फुकट बघता येतं, पण तिथे नाव नसणं म्हणजे तिकीट नसणं नव्हे, तिथे फक्त बिघडलेल्या केसेस येतात. आणि सुट्टीवर आलेला भाऊ किंवा मेहुणा गाडी चालवत होता आणि भारतात परत गेला तर ते तिकीट तुझं नाही, पण त्याला पुढच्या व्हिसाच्या आधी हे मिटवलेलं बरं हे त्याला सांग.

स्टुडंट पोरांसाठी एक, पैसे नसतील तर गप्प बसू नका. हप्ते मिळतात, कम्युनिटी सर्व्हिस मिळते, आठ तासांचे कमीत कमी शंभर डॉलर धरतात. जजला परिस्थिती सांगायची, कोर्टाला ते विचारात घ्यावंच लागतं. मात्र एफ-वन या स्टुडंट व्हिसावर असाल तर कम्युनिटी सर्व्हिसचा कागद नीट ठेवा, नोकरी केली असं कोणाला वाटायला नको.

तुझ्या स्टॅम्पिंगचं. साधं वेगाचं तिकीट, अटक नाही, दारू नाही, यावर व्हिसा नाकारलेला माझ्या ऑफिसात तरी पाहिला नाही. दारू पिऊन चालवण्याचं प्रकरण पूर्ण वेगळं, त्यात नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होतो, ते असेल तर हे सगळं वाचू नकोस, थेट इमिग्रेशन वकील गाठ. पण इमिग्रेशनची भाषा आणि टेक्सास कोर्टाची भाषा एक नाही हे लक्षात ठेव. कोर्टाने डिसमिस केलं म्हणजे तिकीट मिळालंच नव्हतं असं होत नाही. पुढे ग्रीन कार्डच्या आणि सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये 'कधी साइट केलं होतं का' अशा अर्थाचा प्रश्न येतो, तिथे काय लिहायचं ते वकिलाला विचारून लिही, लपवू नकोस. सिटिझनशिपच्या वेळी ५०० डॉलरच्या आतल्या साध्या दंडाचे कागद सहसा मागत नाहीत, तरी माझ्या अनुभवात कागद हाताशी असलेला माणूस इंटरव्ह्यूत शांत बसतो. म्हणून केस मिटली की क्लार्ककडून कॉज नंबर असलेली सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत, मागून घे, काही डॉलर लागतात. आत्ताच घे, दहा वर्षांनी नको. छोट्या कोर्टात क्लार्क बदलते, सॉफ्टवेअर बदलतं, जुने खोके तळघरात जातात, आणि आमच्या एका क्लायंटला २००९ च्या तिकिटाच्या एका कागदासाठी चार महिने लागले होते.

पैसे पाठवताना पर्सनल चेक बऱ्याच ठिकाणी चालत नाही, पोस्टातली मनी ऑर्डर कर, तिच्यावर कॉज नंबर लिही, पाठवण्याआधी सगळ्याचा फोटो काढ. कार्डने भरलंस तर वर सुविधेची फी लागते, लागू दे.

तुझ्यासाठी क्रम सांगते. आज टाइमलाइन बघून काउंटी पक्की कर, पत्ता बदल. उद्या सकाळी नऊच्या आत फोन, लायसन नंबर हातात ठेवून. तारीख अजून गेली नसेल तर त्याच दिवशी सर्टिफाइड मेलने कोर्सची मागणी. तीन महिन्यांची मुदत मार्चच्या पलीकडे जाईल पण तू थांबू नकोस, परवानगी आली की पहिल्या शनिवारी कोर्स उरकून कागद पाठव आणि डिसमिस झाल्याचा कागद हातात घेऊनच विमानात बस. आणि टाइमलाइनवर ओझोना-फोर्ट स्टॉक्टनच्याही खूप पुढे, हडस्पेथ काउंटीत गाडी थांबलेली दिसली, म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्याच ट्रिपचं तिकीट निघालं, तर लक्षात ठेव तिथे माउंटन टाइम आहे, तुझ्या घड्याळात नऊ वाजतात तेव्हा तिथे आठच वाजलेले असतात.